काजळी पुसलेला कंदील

दुए, ४ मे १६११

प्रिय उर्सुलाताई,

अखेर छापून झालं! हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा व्यापारी यानने आणलेल्या तागाच्या कापडाच्या गठ्ठ्यात हात घाल. आतल्या घड्यांमध्ये तीन प्रती सापडतील. ‘आत्म्याचा कंदील’. मूळ ग्रंथ स्पेनमधल्या एका संन्याशाचा. तो इंग्रजीत कोणी आणला, हे मुखपृष्ठावर ‘जी. ए.’ एवढ्या दोन अक्षरांत उरकलं आहे. पूर्ण नाव घातलं तर हॅलोबीत तुमच्या दारावर शिपाई येतील, असं इथे सगळ्यांचं मत पडलं. मी मान तुकवली. पण ताई, दोन अक्षरं! सात वर्षं डोळे फोडले आणि पदरात दोन अक्षरं!

परदेशात पळून आलेल्या आपल्या कॅथलिक लोकांत अशी इंग्रजी आजवर कोणी लिहिली नाही. हे मी म्हणत नाही. म्हणजे मीही म्हणतो, पण इथले फादर सिप्रियनही म्हणाले.

आईला एक जागा मुद्दाम वाचून दाखव. मेल्यावर शुद्धिस्थानात आत्मा कसा तावून निघतो हे सांगताना त्या स्पॅनिश माणसाने घाण्यात पिळलेल्या ऑलिव्हची उपमा दिली आहे. आता लँकशायरातल्या माणसाने ऑलिव्ह कधी पाहिलाय? मी तिथे आईच्या ओटच्या भाकऱ्या घातल्या. चुलीच्या उजवीकडे छताला टांगलेली दांडी, तिच्यावर वाळत घातलेल्या भाकऱ्या, ओल गेल्याशिवाय आई एकीला हात लावू देत नाही, आणि खाली आपण दोघं तोंड वर करून उभे. आत्माही असाच ओल जाईपर्यंत टांगलेला. खाली उभे ते त्याच्यासाठी प्रार्थना करणारे. इथल्या मठातल्या एका बाईंना हे वाचून हुंदका आवरला नाही.

तुम्हा सगळ्यांचा अभिप्राय सविस्तर कळव. वाचून हे पत्र जाळून टाक. माझ्याकडे नक्कल आहे.

तुझा बंधू,
जर्व्हास ऑल्डरली,
दुए येथील इंग्रज मुलांचा लॅटिनचा अध्यापक व ‘आत्म्याचा कंदील’चा भाषांतरकार


हॅलोबी, १७ जून १६११

जर्व्हास,

पोपने ढकललेल्या पंचांगामुळे तुझी तारीख आमच्या दहा दिवस पुढे असते. बाकी कशात तू पुढे गेलायस असं पत्रावरून वाटलं नाही. जे जाळायला सांगतोस त्याची नक्कल ठेवतोस! तुला पकडायला हेर कशाला हवेत, तुझं कपाट पुरे.

पुस्तकं पोचली. एक रिकाम्या मधाच्या पोळ्याच्या टोपलीत आहे, एक राल्फच्या जुन्या बुटात, आणि एक आईच्या उशाखाली. आई म्हणते, मरायला टेकलेल्या म्हातारीची उशी उचलायला शिपायांनाही लाज वाटेल. वाटत नाही, पण तिला तेवढं समाधान.

हो, मरायला टेकलेली. तू तुझ्या पत्रात तिची चौकशी करायला विसरलास, म्हणून मी न विचारता सांगते. पाय सुजलेत, रात्री धाप लागते. मी रोज तुझा कंदील वाचून दाखवते. भाकऱ्यांपाशी आलो तशी ती म्हणाली, “मेल्याने दांडी उजवीकडे टांगलीय. ती चुलीच्या डावीकडे होती. उजवीकडे खिडकी, तिथे पावसाची झड यायची.” मग म्हणाली, “परत वाच.”

आता खरी अडचण. आईला बाबांच्या शेजारी पुरून हवं आहे, चर्चच्या आवारात, यूच्या झाडाखाली. तुला आपल्या घराची रीत माहीत आहे: नवरा दर रविवारी राजाच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जाऊन बसतो, बायको घरी बसून माळ ओढते, आणि अशी जमीन जप्तीतून वाचते. बाबांनी तेच केलं, राल्फ तेच करतो. त्यामुळे बाबांना जागा मिळाली आणि आई पडली बहिष्कृत. मी पाद्रीबुवा क्रिम्बलना विचारायला राल्फला धाडलं. ते म्हणाले, “बहिष्कृत बाईला पवित्र माती मिळत नाही. तुमच्या सफरचंदाच्या बागेत खणा.”

आई ऐकून म्हणाली, “तीस वर्षं तो माणूस तिकडे जाऊन बसला. त्यावरून आमचं जे भांडण चाललं होतं ते अर्ध्यात टाकून गेला. मला त्याच्या शेजारीच पुरा. सफरचंदांशी मी काय बोलू?”

हसून म्हणाली, पण माझा हात धरून म्हणाली. मी शब्द दिला आहे. कसा पाळायचा ते ठाऊक नाही. काही सुचलं तर कळव.

ताई


दुए, २ ऑगस्ट १६११

प्रिय ताई,

आईच्या दुखण्याचं वाचून फार वाईट वाटलं. पण तिला सांग, देह कुठे पडतो याला श्रद्धावंताने महत्त्व देऊ नये. कित्येक हुतात्म्यांना माशांनी खाल्लं, सिंहांनी खाल्लं, कित्येकांची राख नदीत गेली. शेवटच्या दिवशी परमेश्वर सगळ्यांना गोळा करणारच आहे. सफरचंदाच्या बागेतून गोळा करणं तर त्याला सोपंच जाईल. या विषयावर मी चार पानं लिहून सोबत जोडली आहेत, ती तिला हळू वाचून दाखव. दुसरा परिच्छेद मला विशेष साधला आहे.

दांडी डावीकडे असेलही. पण वाक्याचा तोल उजवीकडे मागत होता.

आणखी कोणी वाचलं का पुस्तक? शेजारीपाजारी? काही म्हणाले?

तुझा बंधू,
जर्व्हास ऑल्डरली,
लॅटिनचा अध्यापक व भाषांतरकार


हॅलोबी, १४ जून १६१२

जर्व्हास,

जवळजवळ वर्षाने लिहिते, कारण यानला हलच्या बंदरात अडकवून ठेवलं होतं. त्याचे दोन गठ्ठे जप्त झाले. त्यांत तुझी पुस्तकंही होती. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

तुझी हुतात्म्यांची चार पानं आईला वाचून दाखवली. “सिंहाने खाल्लेल्यांना नवऱ्याशी भांडायचं नव्हतं,” म्हणाली, आणि कूस बदलली.

ती अजून आहे. काड्या झाल्यात अंगाच्या, पण जीभ तशीच. आता ऐक गेल्या रविवारची गोष्ट.

राल्फ चर्चमधून आला तो डोळे पुसतच. म्हणाला, “अगं, आज पाद्रीबुवा काय बोलले! मला रडूच आलं.”

मी म्हटलं, “तुम्हाला? तुम्ही तर पहिल्या स्तोत्राला घोरायला लागता.”

“नाही गं, खरंच. म्हणाले, या जगातली संकटं म्हणजे चुलीपाशी दांडीवर वाळत घातलेल्या ओटच्या भाकऱ्या. आणि ओल गेल्याशिवाय आई हात लावू देत नाही...”

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला: “राल्फ! दांडी कुठल्या बाजूला म्हणाला?”

राल्फने डोकं खाजवलं. “उजवीकडे.”

“मग तो आपला जर्व्हास,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फेरीवाल्याकडून पुस्तक आणवलं. नाव वाच आणि खुर्चीला धरून बस: ‘आत्म्याचा शुद्ध कंदील, पोपची काजळी पुसून इंग्रज कुटुंबांसाठी नव्याने उजळलेला, ओ. सी. यांजकडून’. ओ. सी. म्हणजे ओबडाया क्रिम्बल, आमचे पाद्रीबुवा. जप्त केलेल्या प्रतींतली एक बिशपच्या कचेरीने त्यांना खंडन लिहायला दिली होती म्हणे. खंडन राहिलं बाजूला. लंडनला तिसऱ्यांदा छापतायत.

काजळी कशी पुसली तेही सांगते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मी दोन दिवस वाचली. त्यांनी काही अर्थ बघून कापलेलं नाही. नजर फक्त शब्दांवर. काही ठरावीक शब्द दिसले की कात्री. ‘शुद्धिस्थान’ दिसलं की ‘या जगातली संकटं’. ‘पोप’ दिसला की काहीच नाही. ‘संत’ दिसला की ‘सज्जन शेजारी’. आणि जिथे जिथे ‘मरीयामाता’ होती तिथे ‘सद्गुणी पत्नी’. त्यामुळे एका पानावर आता ‘हे सद्गुणी पत्नी, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ असं झालंय. राल्फ हे वाक्य गुडघ्यावर बसून मला दिवसातून दहा वेळा ऐकवतो. बाकी तुझी वाक्यं तशीच्या तशी, लांबलचक शेपट्यांसकट.

आई हसता हसता खोकून निळी पडली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, “उर्सुला, हा माणूस आता आपल्या हातात आहे.”

मी उद्या अंडी घेऊन पाद्रीबुवांकडे जाते.

ताई


दुए, ३० ऑगस्ट १६१२

ताई!

अक्षर सांभाळून वाच, दोन लेखण्या मोडून झाल्या आहेत.

चोर! दरोडेखोर परवडला, तो निदान बुरखा घालून येतो. हा व्यासपीठावर चढून, पांढरा झगा घालून, माझ्याच तोंडाने माझ्याच माणसांना रडवतो! ज्या धर्माच्या पुस्तकासाठी आमच्या माणसांच्या मानेला फास लागतो, त्याच पुस्तकाने यांच्या घरात भाकरी शिजते. आम्हाला म्हणतात अंधारातले, आणि दिवा लावायची वेळ आली की आमच्याच तेलात वात बुडवतात. प्रार्थना आमची, अश्रू आमचे, फक्त माणसं आमची नकोत! यांनी आमचे मठ घेतले तेव्हा भिंती घेतल्या आणि संन्याशांना हाकललं. आता पुस्तकांचंही तेच चाललं आहे. सद्गुणी पत्नी! परमेश्वरा, मला संयम दे.

मी एक प्रस्तावना लिहिली आहे. माझी आजवरची सर्वांत तिखट. तिच्यात माझं पूर्ण नाव आहे, क्रिम्बलचं पूर्ण नाव आहे, हॅलोबीचं नाव आहे. दांडी कोणाच्या स्वयंपाकघरातली हे सिद्ध करायला आईची साक्ष दिली आहे, ‘जी आजही खऱ्या धर्मात अढळ आहे’. पुढच्या आवृत्तीला ती जोडायची. इथला छापखाना हिवाळ्यात काम हाती घेईल.

तिसऱ्यांदा छापतायत म्हणालीस. किती प्रती?

जर्व्हास ऑल्डरली
(या वेळी पूर्ण)


हॅलोबी, २१ ऑगस्ट १६१२

जर्व्हास,

आई गेली. गेल्या बुधवारी पहाटे. यूच्या झाडाखाली बाबांच्या डाव्या हाताला निजली आहे.

कसं जमलं ते आता शांतपणे सांगते.

मी अंड्यांची टोपली घेऊन गेले तर पाद्रीबुवा दारातच उडाले. “बाई, आपण? माझ्या दारात?”

“अंडी आणलीत,” म्हटलं. वरची अंडी काढली, खालून तुझं पुस्तक काढलं.

“हे निषिद्ध आहे!”

“हो. आणि हे?” त्यांचं पुस्तक शेजारी ठेवलं. “एका कोंबडीची वाटतात, नाही?”

ते लाल झाले. “एका विषयावर दोन विद्वानांना सारखं सुचू शकतं.”

“दांडीची बाजूसुद्धा? ती आमच्या स्वयंपाकघरातली आहे, आणि चुकीच्या बाजूला आहे. अशी चूक करणारा जगात एकच माणूस आहे. तो माझा भाऊ.”

त्यांनी मला आत घेऊन दार लावलं. मग म्हणाले, “आपलं म्हणणं काय?”

“एक खड्डा. यूच्या झाडाखाली.”

“बिशपना काय सांगू?”

ते मी काय सांगणार? पण माणूस हुशार आहे हो. नखं कुरतडत खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि थांबले. “आपल्या मातोश्रींनी माझं पुस्तक ऐकलं आहे?”

“रोज ऐकते.” (खोटं नव्हतं. कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.)

“ऐकून रडल्या?”

“रडली.”

“मग त्या सुधारल्या असं मी धरतो. सुधारलेल्या बाईला माती नाकारता येत नाही.”

मी घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, उसळेल. ती म्हणाली, “त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझं मरण देव बघणार आहे, क्रिम्बल नाही.” पुढे दोन महिन्यांनी घोड्यांचा वैद्य म्हणून जो येतो तो आपला फादर मागच्या दाराने आला, पापनिवेदन झालं, अखेरचं पवित्र तेल लागलं, सगळं रीतीने झालं. म्हणजे आई तुझ्याच धर्मात गेली, काळजी करू नकोस.

पुरताना पाद्रीबुवांनी भाषण केलं. “या शुद्ध कंदिलाने एका पोपवाल्या म्हातारीला शेवटच्या घटकेला उजेड दाखवला!” निम्म्या गावाच्या बायकांच्या खिशात जपमाळा आहेत. सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे होते. राल्फला हसू आवरेना म्हणून त्याने रुमाल तोंडात कोंबला, तर पाद्रीबुवा त्यालाही उदाहरण म्हणून दाखवायला लागले.

आता तुझ्यापुरतं. तू गप्प बस. पुस्तक तुझं हे बाहेर आलं तर आई सुधारली हेही खोटं ठरेल, आणि बिशपची कचेरी तिला उकरून काढेल. पलीकडच्या गावात गेल्या वर्षी काढलं एकाला. मला तुझा राग समजतो. पण आधी आई.

ताई


हॅलोबी, १ ऑक्टोबर १६१२

जर्व्हास,

तुझं आणि माझं पत्र समुद्रात एकमेकांच्या शेजारून गेली असणार. तुझं आत्ता मिळालं.

‘जी आजही खऱ्या धर्मात अढळ आहे.’ ती आता मातीत आहे, आणि तुझ्या या एका ओळीने मातीतूनही बाहेर येईल. छापू नकोस. मी आईला शब्द दिला होता, तो पाळला. आता तो तुझ्या हातात आहे. तुझ्या हातात आजवर लेखणीशिवाय दुसरं काही दिलं नव्हतं, म्हणून भीती वाटते.

प्रती किती ते मला माहीत नाही. पुष्कळ.

ताई


दुए, १२ डिसेंबर १६१२

ताई,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आई गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. फादर सिप्रियननी तिच्यासाठी मिस्साची उपासना केली. मी मेणबत्ती धरून उभा होतो.

पण आता बोलतो. तू काय मागते आहेस हे तुला कळतं का? माझं पुस्तक त्याचं म्हणून राहू दे, हे मी एक वेळ सोसलं असतं. पण चौथ्या आवृत्तीला त्याने नवी प्रस्तावना जोडली आहे, ती इथे एकाने मला आणून दाखवली. तिच्यात ‘हॅलोबीची सुधारलेली म्हातारी’ आहे. ताई, माझी आई आता एक कथा झाली आहे, आणि ती खोटी कथा आहे! तीस वर्षं दंड भरला, अपमान गिळले, शेजारणींनी अबोला धरला तो सोसला, आणि त्या सगळ्याचं सार काय, तर क्रिम्बलचं पुस्तक खपायला मदत झाली! तू म्हणतेस हाडं. मी म्हणतो नाव. हाडं पन्नास वर्षांत माती होतात. छापलेलं राहतं. लोक तिला काय म्हणून ओळखतील?

छापखान्यात प्रस्तावनेच्या अक्षरांचे खिळे जुळवून तयार आहेत. उद्या मी तिकडे जातो आहे. जाऊन काय करीन ते तुला कळवतो, कारण आत्ता मलाच ठाऊक नाही.

जर्व्हास


दुए, ९ जानेवारी १६१३

ताई,

या पत्रासोबत एक चीजचा गोळा धाडतो आहे. राल्फना आवडेल. त्याला गुंडाळलेला कागद फेकू नकोस, वाच.

मी छापखान्यात गेलो. खिळे जुळवणारा जुळारी फ्लेमिश आहे, त्याला इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. मी म्हटलं, मोड. तो म्हणाला, “मास्तर, अख्खा आठवडा गेलाय माझा. यात चूक आहे का?” मी म्हटलं, चूक एकही नाही. तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला, आणि मग ओळीमागून ओळ मोडून खिळे खणांत टाकायला लागला. मी शेवटपर्यंत उभा होतो. माझं नाव मोडताना त्याने मान हलवली. म्हणाला, “दिसायला सुंदर होतं.”

चाचणीसाठी काढलेला एकच कागद होता. तो चीजला गुंडाळला आहे. त्याची नक्कल मी ठेवलेली नाही.

जर्व्हास


हॅलोबी, २ मार्च १६१३

जर्व्हास,

चीज राल्फने दोन दिवसांत संपवलं. कागद मी तीन वेळा वाचला. तू आजवर लिहिलेल्यात हे सगळ्यात चांगलं आहे, हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. ‘आमच्याच तेलात वात बुडवतात’ या ओळीला मी एकटीच चुलीपुढे “वा!” म्हणाले.

मग त्यावर भाकऱ्या भाजल्या. छान जळला.

आता एक गंमत. पाद्रीबुवा काल स्वतः घरी आले. मागच्या दाराने! आजवर त्या दाराने आमच्याकडे फक्त घोड्यांचा वैद्य यायचा. बसले, घसा खाकरला, छताकडे बघितलं, दांडीवर नजर गेली, तिथून पटकन काढून घेतली.

“बाई, लंडनचे प्रकाशक विचारतायत. कंदिलाचा काही... उत्तरार्ध?”

मी म्हटलं, “तो तर तुम्हालाच सुचायला हवा.”

“हवा तर. पण या वर्षी सुचत नाही.”

“एका विषयावर दोन विद्वानांना सारखं सुचतं म्हणाला होतात. एकाला सुचेपर्यंत थांबा.”

बिचारे हिरमुसले. बिशपने त्यांना चेस्टरला मोठी जागा कबूल केली आहे, पण उत्तरार्ध आल्यावर. मी हाकलूनच दिलं असतं. पण जाताना दारात थांबून म्हणाले, “आपल्या मातोश्रींच्या कबरीवर मी फुलं लावायला सांगितलीत.” थडग्याची आठवण का दिली, ते तुलाही कळेल. उत्तरार्ध देऊ नकोस असं माझं मन म्हणतं, आणि नाही दिलं तर काय, अशी भीतीही वाटते. तू ठरव.

ताई


दुए, २० मे १६१३

ताई,

यानच्या गठ्ठ्यात उत्तरार्धाचं हस्तलिखित आहे. ते क्रिम्बलला दे. मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं नाही. अक्षरंसुद्धा नाहीत.

काजळी पुसताना त्याची नजर फक्त शब्दांवर असते, असं तू लिहिलं होतंस. त्याला त्रास नको म्हणून त्याचे सगळे नावडते शब्द मी आधीच काढले आहेत. पोप नाही, संत नाही, शुद्धिस्थान तर औषधालाही नाही. कात्रीला काम मिळणार नाही.

शेवटची प्रार्थना चर्चमध्ये मोठ्याने वाचावी असं त्याला सुचव. लोकांना आवडेल.

जर्व्हास


हॅलोबी, ७ नोव्हेंबर १६१३

जर्व्हास,

उत्तरार्ध लंडनहून छापून आला. पाद्रीबुवा चेस्टरला निघाले, आज त्यांचा इथला शेवटचा रविवार. निरोपाला तुझी शेवटची प्रार्थना वाचणार असं गावभर सांगून ठेवलं होतं. चर्च गच्च. मी आत गेले नाही, आईची मुलगी आहे. बाहेर यूच्या झाडाखाली त्या दोघांपाशी उभी राहिले. खिडकी उघडी होती.

पाद्रीबुवांचा आवाज तुला माहीत नाही. चांगला आहे मेल्याचा, मान्य करावं लागतं. त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि वाचलं. त्यातला शेवट मी पाठ केलाय:

“आता जिच्या हातची भाकरी तू खाल्लीस तिला आठव. दांडीखाली उभा राहा, तोंड वर कर, आणि म्हण: प्रभो, तिने आम्हाला कधी ओली भाकरी वाढली नाही, तूही तिला वेळेआधी काढू नकोस. पण तिची ओल आता गेली असेल, तर उशीर करू नकोस. आम्ही खाली उभे आहोत. तिला उतरव, आणि तुझ्या पानात घे.”

मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं हा यांच्या धर्मात केवढा अपराध! याच व्यासपीठावरून याच माणसाने त्यावर तासतासभर आग ओकली आहे. आणि आज त्याने स्वतःच अख्ख्या गावाला उभं करून तुझ्यामाझ्या आईसाठी प्रार्थना करवली. एक शब्द अडखळला नाही. अडखळणार कशाला, त्याचा एकही नावडता शब्द त्यात नव्हता.

बायकांना कळलं. खिशातल्या जपमाळांची बारीक खुळखुळ खिडकीबाहेर ऐकू आली. मग राल्फचं “आमेन” आलं, बैल हंबरावा तसं. आणि मग सगळ्यांचं. ज्यांनी आईशी अबोला धरला होता त्यांचंही.

घरी येऊन राल्फ जेवला नाही. चुलीपाशी उभा राहून वर बघत होता. म्हणाला, “उर्सुला, या वेळी पाद्रीबुवांनी दांडी डावीकडे म्हटली.”

मी पुस्तक काढून बघितलं. खरंच आहे. ‘चुलीच्या डावीकडे, जिथे पावसाची झड पोचत नाही.’

वाक्याचा तोल गेलाय, जर्व्हास. असू दे तसाच.

तुझी ताई